कर्करोगानंतरचे चालणे आणि समाजाची जबाबदारी

(बार्शी येथे साथींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने कर्करोगावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नाही, आणि वैद्यकाच्या प्रांतात घुसखोरी करण्याचा माझा मानसही नाही. परंतु एखादी गोष्ट माणसाच्या हिताची आहे हे सिद्ध झाल्यानंतरही ती त्याच्यापर्यंत का पोचत नाही, पोचविण्याचा खर्च कोणी करावयाचा आणि त्यासाठी लागणाऱ्या श्रमांचे मोल कोणी द्यावयाचे, हे प्रश्न वैद्यकाचे नसून अर्थशास्त्राचे आणि राजकारणाचे आहेत. आज मला बोलावयाचे आहे ते तेवढ्यापुरतेच.

शिवाय बार्शीत कर्करोगावर बोलताना वक्त्याने थोडे दबूनच बोलले पाहिजे. खेड्यापाड्यांतील कर्करोगाची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम भारतात प्रथम सुरू झाले ते ह्याच गावी, १९८७ साली. बार्शी, परांडा आणि भूम ह्या तालुक्यांतील गावोगाव फिरून कार्यकर्त्यांनी रुग्ण शोधले, त्यांची नोंद केली, आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती मोठे आहे हे देशाला दाखवून दिले. तेव्हा रोगाविषयी आपल्याला काही सांगण्याचा आव मी आणीत नाही. मला बोलावयाचे आहे ते रोगानंतरच्या आयुष्याविषयी.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण निघाले आणि ९ लाख १६ हजार मृत्यू झाले. हे आकडे वृत्तपत्रांत येतात, त्यांवर अग्रलेख निघतात. ह्याच अंदाजातील तिसरा आकडा मात्र कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही. मागील पाच वर्षांत रोगाचे निदान झाले आणि जे आज हयात आहेत, अशांची संख्या सुमारे साडेबत्तीस लाख आहे. पाच वर्षांपूर्वी बरे झालेले ह्याहून वेगळे. एका मोठ्या जिल्ह्याच्या लोकसंख्येइतकी ही माणसे रुग्णालयातून घरी आली आहेत. त्यांचे पुढे काय होते?

माझ्या घरातील उदाहरण सांगतो. घरगुती गोष्टी व्यासपीठावर आणण्याची मला सवय नाही. पण येथे चूक आमची होती आणि ती सांगितल्याशिवाय मुद्दा स्पष्ट होणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला अक्का म्हणतो, स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, किरणोपचार झाले. ज्या रुग्णालयात हे उपचार झाले तेथील डॉक्टर मंडळी आपल्या कामात निष्णात होती, ह्यात शंका नाही. घरी सोडताना त्यांनी औषधांची यादी दिली, तीन महिन्यांनी दाखवायला यायला सांगितले, आणि दारात उभे राहून एक वाक्य उच्चारले: "आता भरपूर विश्रांती घ्या." आम्ही घरच्यांनी ते वाक्य धर्माज्ञा मानले. अक्काने बादली उचलली की सून ती काढून घेई. ती जिना चढू लागली की कोणीतरी हाताला धरी. पहाटे उठून अंगण झाडणारी, बाजारातून दोन पिशव्या हातांत घेऊन चालत येणारी ही बाई दीड वर्षात खुर्चीला खिळली. वजन वाढले, गुडघे धरले, शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात खांद्यापर्यंत वर जाईना. थकवा तर असा, की न्हाऊन आली तरी तासभर पडून राही. आम्ही म्हणायचो, एवढे मोठे दुखणे झाले, अशक्तपणा राहणारच. तो अशक्तपणा काही अंशी रोगाचा आणि औषधांचा होता. पण बराचसा आमच्या मायेने आणलेला होता, हे कळायला आम्हांला फार उशीर लागला.

कर्करोगाच्या रुग्णाने विश्रांती घ्यावी हा समज केवळ आमच्या घरचा नव्हता. पूर्वी वैद्यकातही तोच रूढ होता. तो बदलला आहे. व्यायामाने उपचारानंतरचा थकवा कमी होतो, उदासीनता कमी होते, दैनंदिन कामे करण्याची शक्ती परत येते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कर्करोगातून वाचलेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि त्यांनाही, प्रकृतीला झेपेल त्या बेताने, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचालीचे उद्दिष्ट सांगितले आहे.

तरीही एक शंका उरत होती. व्यायामाने बरे वाटते हे खरे. पण त्याने रोग परतण्याचे थांबते काय, माणूस अधिक जगतो काय? व्यायाम करणारे अधिक जगतात असे दिसत होते, परंतु कदाचित मुळात जे धडधाकट तेच व्यायाम करीत असतील. कार्यकारणाचा हा पेच आम्हा अर्थशास्त्र्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. त्याचे उत्तर, एका प्रकारच्या कर्करोगापुरते का होईना, जून २०२५ मध्ये मिळाले. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या नियतकालिकात 'चॅलेंज' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००९ ते २०२४ ह्या काळात, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील आणि आणखी काही देशांतील मिळून ५५ केंद्रांत, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटण्यात आले. एका गटाला व्यायाम व आहार ह्यांविषयी माहितीच्या पुस्तिका देण्यात आल्या. दुसऱ्या गटाला पुस्तिका तर दिल्याच, शिवाय तीन वर्षे एक शिकलेला मार्गदर्शक दिला.

निष्कर्ष असे. पाच वर्षांनंतर रोगमुक्त अवस्थेत हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७३.९ टक्के, दुसऱ्या गटात ८०.३ टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८३.२, दुसऱ्यात ९०.३. म्हणजे आठ वर्षांच्या अखेरीस शंभर माणसांमागे सात माणसे अधिक जिवंत होती. हा लाभ काही महागड्या औषधांच्या तोडीचा आहे, असे तज्ज्ञांनी म्हटले. अशा औषधांची किंमत लाखांच्या घरात असते. आणि ह्या लोकांनी केले काय? ज्याला जे आवडेल ते. बहुतेकांच्या बाबतीत त्याचा अर्थ आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणे एवढाच होता.

येथे थोडे थांबून पाहू. पुस्तिका दोन्ही गटांना मिळाल्या होत्या. व्यायाम चांगला हे दोन्ही गटांना ठाऊक होते. फरक पडला तो ज्ञानाने नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत दर पंधरवड्याला एक, अशा बारा भेटी. त्यांच्या जोडीला देखरेखीखाली व्यायाम. पुढील सहा महिन्यांत पुन्हा पंधरवड्याला एक भेट, प्रत्यक्ष किंवा दूरध्वनीवरून. त्यानंतरची दोन वर्षे महिन्यातून एक. सगळ्या मिळून अठ्ठेचाळीस भेटी. ह्या भेटींत मार्गदर्शक काय करीत होता? गेल्या पंधरवड्यात किती चाललात, का चुकले, पाऊस होता तेव्हा काय केले, घरात कोण सोबत येईल, पुढच्या पंधरवड्यात किती वाढवायचे, हे तो विचारीत होता आणि रुग्णासह ठरवीत होता. ह्याला इंग्रजीत मोठे शास्त्रीय नाव आहे आणि त्यामागे मानसशास्त्रातील सिद्धान्तही आहे. आपल्या भाषेत ह्याला सोबत म्हणतात.

आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, आणि त्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका कितीतरी असतात. मी श्रद्धाळू माणूस नाही. पण वारीकडे संघटनेचा एक नमुना म्हणून पाहण्यास श्रद्धेची गरज नाही. दिंडीत क्रम ठरलेला असतो, मुक्काम ठरलेले असतात, पुढे-मागे ओळखीचे माणूस असते, आणि एखादी म्हातारी मागे पडली तर ते कोणाच्या तरी ध्यानात येते. तीच म्हातारी घरी एकटी रोज तासभर चालेल काय? बहुधा नाही. आणि त्याचा दोष तिच्या इच्छाशक्तीला देण्यात अर्थ नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. कारण आपल्या वर्गात आक्षेप येणारच, आणि ते यावेत.

पहिला आक्षेप असा, की आपल्या देशात ज्याला वेळेवर शस्त्रक्रिया मिळत नाही, केमोथेरपीसाठी ज्याला शेत गहाण टाकावे लागते, त्याच्यापुढे तीन वर्षांच्या व्यायामाची गोष्ट काढणे ही थट्टा आहे. हा आक्षेप मला मनापासून पटतो, आणि तरीही मी तो मान्य करीत नाही. पटतो अशासाठी, की परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर पथारी टाकून राहिलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार ह्या देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते, आणि सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या धोरणाने मात्र २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. परंतु मान्य करीत नाही अशासाठी, की ज्या कुटुंबाने शेत विकून शस्त्रक्रिया केली, त्याचा रोग परतला तर दुसरे शेत कोठून आणायचे? उपचारावर झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून पुढची सोबत हवी. ती गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक हवी. श्रीमंत माणूस व्यायामशाळेत पैसे भरून मार्गदर्शक मिळवितोच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपली कष्टकरी बाई दिवसभर राबते. तिला व्यायामाचे धडे कसले देता? ह्याचे उत्तर देताना कष्ट आणि व्यायाम ह्यांत फरक केला पाहिजे. युरोपातील काही अभ्यासांत असे दिसले, की फुरसतीच्या वेळी केलेल्या हालचालीने हृदयाला जो लाभ होतो, तो पोटासाठी केलेल्या जड श्रमांनी होत नाही; उलट काही ठिकाणी अपायच दिसतो. ह्यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण कारण समजण्यास कठीण नाही: मजुराच्या श्रमात वेग त्याच्या हाती नसतो, विसावा त्याच्या हाती नसतो, आणि थकल्यावर थांबण्याची मुभाही नसते.

आपल्याच परिसरातील दोन स्त्रिया डोळ्यांपुढे आणा. एक सोलापूरची विडी कामगार. ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. तिच्या बोटांना क्षणाची उसंत नाही आणि पायांना हालचाल नाही. दुसरी बीडकडून ऊसतोडीला गेलेली. तिला मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचे असते, आणि एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. ह्या दोघींना स्तनाचा कर्करोग झाला आणि दोघी त्यातून वाचल्या, असे समजा. दोघींना एकच पुस्तिका देऊन काय होणार? पहिलीला दिवसातून उठून चालण्याचा वेळ हवा, आणि विडीचा दर नगावर असल्यामुळे तो वेळ म्हणजे बुडालेली मजुरी आहे. दुसरीची अडचण उलटी आहे. तिला परत जड ओझे उचलावे लागणार. पण ते केव्हा, किती आणि कसे, हे सांगणारे कोणी नाही. शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूच्या हाताला सूज येते म्हणून अशा स्त्रियांनी वजन उचलूच नये असे पूर्वी सांगत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर, देखरेखीने सुरुवात करून, आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढत जाणारी वजने उचलावयास दिली. सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे उचलणे वाईट नाही. शिकविल्यावाचून, एकाएकी, मुकादमाच्या वेगाने उचलणे वाईट. ऊसतोड करणाऱ्या स्त्रीला हळूहळू कामावर परतण्याची मुभा, आणि त्या काळात भाकरीची सोय, हा तिच्यासाठी उपचाराचाच भाग आहे. तो कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणार नाही. काम मिळणे हा हक्क आहे हे ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून मान्य केले, त्या महाराष्ट्राला आजारातून उठलेल्या मजुराला झेपेल असे काम मिळणे हाही हक्क आहे, हे मान्य करणे जड जाऊ नये.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. व्यायामाने रोग परतण्याचे प्रमाण कमी होते, हे वाक्य फार लवकर बदलून 'रोग परतला, कारण तू व्यायाम केला नाहीस' असे होते. 'चॅलेंज'मधील चालणाऱ्यांपैकीही पाच वर्षांत पाचातील एकाचा रोग परतला, नवा कर्करोग झाला किंवा मृत्यू ओढवला. चाचणी एका प्रकारच्या कर्करोगाची होती, आणि हा प्रकार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. त्यात घेतलेले रुग्ण बऱ्यापैकी हिंडूफिरू शकणारे होते. चालणाऱ्यांत सांधे व स्नायू ह्यांची दुखणी काहीशी अधिक आढळली, हेही त्या अहवालातच नमूद आहे. तेव्हा ह्या निष्कर्षाचा झेंडा करून प्रत्येक रुग्णाच्या हाती देऊ नये. आपल्याकडे मुखाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक. त्यांविषयी असे प्रयोग आपल्याच भूमीवर व्हावयास हवेत. टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत योगासनांची चाचणी केली, तसे आणखी. रोगाचा दोष रोग्याच्या माथी मारण्याची सवय आपल्या समाजाला जुनी आहे. पूर्वी पूर्वजन्मीचे पाप म्हणत, आता 'जीवनशैली' म्हणतात. २०२२ साली ह्या देशातील प्रौढ स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी ४२ टक्के पुरेशी हालचाल करीत नव्हते, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. स्त्रिया अधिक आळशी आहेत, असा ह्याचा अर्थ कोणी लावील काय? ज्या परळ-लालबागेत गिरण्यांच्या जागांवर मनोरे उभे राहिले तेथे म्हाताऱ्या माणसाला चालण्यासाठी पदपथ उरलेला नाही, आणि आपल्या गावांत संध्याकाळी एकटी बाई रस्त्याने फिरू लागली तर चार डोळे वळतात. हाही हिशेब त्या ५७ टक्क्यांत धरला पाहिजे.

आता पैशाकडे येतो. चालण्याला पैसे पडत नाहीत, हे खरे. म्हणूनच बाजाराला त्यात रस नाही. औषधाचे एकस्व घेता येते, चालण्याचे घेता येत नाही. 'चॅलेंज' चाचणीला पैसा पुरविला तो कॅनडातील व ब्रिटनमधील लोकवर्गणीवर चालणाऱ्या कर्करोग संस्थांनी, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेने आणि तेथील एका विद्यापीठाच्या निधीने. आणि ८८९ माणसे गोळा करून निष्कर्ष हाती येण्यास पंधरा वर्षे लागली. ज्यातून कोणाला नफा नाही असे ज्ञान किती सावकाश जन्माला येते, ह्याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे आहे.

चालणे फुकट असले तरी सोबत फुकट नाही. ते श्रम आहेत. त्यांचा खर्च किती, ह्याचे फळ्यावर मांडावे तसे गणित मी केले आहे; आकडे माझ्या गृहीतांवर उभे आहेत, हे आधीच सांगतो. एका रुग्णाला तीन वर्षांत ४८ भेटी, म्हणजे वर्षाला सरासरी १६. एक शिकलेली कार्यकर्ती महिन्यात वीस दिवस, दिवसाला पाच भेटी घेईल, तर महिन्याच्या १०० आणि वर्षाच्या १,२०० भेटी झाल्या. म्हणजे एका कार्यकर्तीकडे ७५ रुग्ण. तिला महिना २५ हजार रुपये वेतन धरले तर वर्षाचे ३ लाख; दर रुग्णामागे वर्षाला ४ हजार, तीन वर्षांचे १२ हजार रुपये. प्रवासखर्च, प्रशिक्षण आणि देखरेख करणारा भौतिकोपचारतज्ज्ञ ह्यांचा वाटा धरून ही रक्कम दुप्पट झाली असे समजा. तरीही ती केमोथेरपीच्या साध्या खर्चापुढे लहान आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते, केमोथेरपी बसते, किरणोपचार बसतात; कारण त्या रुग्णालयात घडतात आणि त्यांचे देयक करता येते. रुग्ण घरी गेला की हिशेब मिटतो. घरोघर जाऊन चालवायला शिकविणाऱ्या बाईचे देयक कोणत्या रकान्यात लिहायचे, हे कोणी ठरविलेले नाही.

आणि येथेच मला भीती वाटते ती सांगतो. सरकारने उद्या हा कार्यक्रम मनावर घेतलाच, तर पहिला विचार काय होईल? आशा आहेत की! २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हापासून गावातील प्रत्येक नवे काम आशा कार्यकर्तीच्या पिशवीत टाकले जात आहे: लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, कुष्ठरोग, रक्तदाबाची नोंद, महासाथीतील घरभेटी. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. परंतु आपल्या शासनाच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना मिळतो तो मोबदला, वेतन नव्हे. महाराष्ट्रात त्यांना २०२३ मध्ये आणि २०२४ च्या आरंभी संपावर जाऊन मैदानात बसावे लागले, हे आपण विसरलेले नाही. अठ्ठेचाळीस भेटींचे काम त्यांच्या अंगावर भेटीला पाच-दहा रुपये दराने टाकणे म्हणजे एका गरीब बाईचे आयुष्य वाढविण्यासाठी दुसऱ्या गरीब बाईचे श्रम लुबाडणे होय.

हे आपल्याकडे होणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला मी ह्याच परिसराकडे बोट दाखवीन. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता, आणि बार्शीचे रुग्णालय तिच्या केंद्रस्थानी होते. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात ह्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती. त्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि मला ते आक्षेप रास्त वाटतात. पण आजच्या विषयापुरते मला वेगळे काही दाखवावयाचे आहे. बोलावलेल्या स्त्रियांपैकी चौघींत तिघींहून अधिक जणी तपासणीला आल्या. ज्या तपासणीचे नाव काढायला बायका लाजतात, तिला. त्या आल्या, कारण त्यांच्या दारी कोणी अनोळखी पत्रक घेऊन आले नव्हते. त्यांच्या भाषेत बोलणारी, पुन्हा पुन्हा येणारी माणसे आली होती.

केरळने ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे दुर्धर रोग्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी शेजाऱ्यांची जाळी आधी लोकांनी विणली. २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरण केले, आणि पंचायतींच्या पैशातून परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. लोकांचा पुढाकार आणि सरकारचा पगार, असा तो मेळ आहे. मरणाऱ्याच्या घरी जाणारी परिचारिका ठेवणे जर पंचायतीला जमते, तर जगणाऱ्याला चालते करणारी का जमू नये?

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसा उपचार देणारी केंद्रे काढण्याची घोषणा झाली आहे. केमोथेरपी जिल्ह्याच्या गावी मिळू लागली तर परळच्या पदपथावरील पथाऱ्या कमी होतील, त्याचे स्वागत. पण त्या केंद्रांच्या आराखड्यात बाटल्या, खाटा आणि यंत्रे ह्यांच्या बरोबरीने एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि घरभेटी देणाऱ्या कार्यकर्त्या ह्यांची कायम पदे असली पाहिजेत, ही मागणी आपण आताच केली पाहिजे. इमारत बांधून झाल्यावर पदे मागितली की ती मिळत नाहीत, हा आपला अनुभव आहे.

अक्काचे पुढे काय झाले, असे मघा एका भगिनीने मला विचारले. तिच्या गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहावयास आली. ती बाई रोज साडेपाचला दारात येऊन हाक मारी. पहिल्या दिवशी दोघी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. महिन्याभराने तळ्यापर्यंत. आता त्या चौघी जणी आहेत. हात पूर्ण वर जात नाही, पण बादली ती स्वतः उचलते, आणि मी मदतीला गेलो की म्हणते, "अरे, तू बाजूला हो. तुमच्या मायेनेच मला बसवून ठेवले होते." अशी परिचारिका प्रत्येक गल्लीत आपोआप राहावयास येत नाही, एवढीच अडचण आहे.

जिल्हा परिषदेला आणि आरोग्य खात्याला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा मी करून आणला आहे. तो मेजावर ठेवला आहे; वाचून दुरुस्त्या कराव्यात. त्यात कार्यकर्तीच्या वेतनाची जागा मी कोरी सोडली आहे. मघाशी फळ्यावर मांडलेला २५ हजारांचा आकडा गणितासाठी होता. खरा आकडा आशांच्या संघटनेने आपल्या बैठकीत ठरवून भरावा, आणि तो भरल्याखेरीज निवेदन पुढे पाठवू नये, अशी माझी सूचना आहे.